दलदलीतला मका

सत्तरीचा होईपर्यंत ताउनो रिंतालाने हरणाच्या मादीवर कधी बंदूक धरली नव्हती. तरीही सीडरच्या झाडांच्या त्या दलदलीतल्या माद्या त्याच्या हातून जितक्या मेल्या, तितक्या आमच्या भागात दुसऱ्या कुणाच्या हातून मेल्या नसतील. आणि त्या मारल्या त्याने पोटभर जेवू घालून. हे आमच्याकडे कुणी कबूल करणार नाही. बारमध्ये विचाराल तर लांडग्यांनी खाल्ल्या म्हणतील, थंडीने गेल्या म्हणतील, वन्यजीव खात्याच्या नावाने बोटं मोडतील. ताउनो मात्र कबूल करतो, आणि म्हणूनच हल्ली त्याच्या शेजारच्या स्टुलावर कुणी बसत नाही.

मादी न मारण्याचा नियम त्याच्या बापाच्या पिढीचा. ती माणसं फिनलंडहून समुद्र ओलांडून इथं लाकूड तोडायला आली, खाणीत उतरली, आणि मंदीच्या वर्षांत उपाशी मरायची वेळ आली तेव्हा त्यांनी जंगलात जे हललं ते खाल्लं. हरणं संपत आली. मग डोकी ताळ्यावर आली आणि त्यांनी ठरवलं, नर मारायचा, मादीला हात लावायचा नाही. कुठं लिहून ठेवलं नाही, पण आमच्याकडे न लिहिलेलंच जास्त पाळतात. कॅम्पवर, म्हणजे दलदलीच्या अलीकडच्या त्या ओंडक्यांच्या झोपडीवर, दोन झाडांमध्ये आडवी बल्ली बांधलेली आहे. नोव्हेंबरात शिकार सुरू झाली की मारलेली हरणं तिच्यावर टांगायची. त्या बल्लीने आजवर शिंगांशिवायचं डोकं पाहिलं नव्हतं. एकदा कॅम्पवरच्याच रॉय पेलकीच्या मेव्हण्याने धुक्यात चुकून मादी पाडली, तर पूर्ण मोसम त्याला बायकी एप्रन घालून भांडी घासायला लावली. तो माणूस पुढे दूर गावी जाऊन मेला, पण इथं त्याचं नाव अजून ‘एप्रन’च आहे.

ताउनो लाकूडतोड्या. पंधरा-सोळाव्या वर्षी जंगलात शिरला तो गुडघे निकामी झाल्यावरच बाहेर आला. हिवाळ्यात तो मॅपलची झाडं पाडायचा, आणि यांत्रिक करवतीचा तो कानठळ्या बसवणारा आवाज ऐकून हरणं पळण्याऐवजी येत. झाड पडलं की शेंड्याची कोवळी टोकं जमिनीवर येतात, हे त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. ताउनो बुंध्यावर बसून पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली भाजकी करंजी, खायचा, पलीकडे हरणं शेंडे खायची. कुणी कुणाला त्रास देत नसे. दरवर्षी त्यांच्यातलाच एक नर तो गोळी घालून मारी आणि वर्षभर खाई. यात ज्यांना विसंगती दिसते त्यांनी इथं एक हिवाळा काढावा आणि मग बोलावं.

नंतर त्या बाजूची तोड बंद झाली. झाडं उंच गेली, खाली उजेड पोचेना, कोवळं काही उगवेना. माद्या मात्र वाढत राहिल्या, कारण त्यांना कुणी मारत नव्हतं. हिवाळा आला की सगळी हरणं त्या एका सीडरच्या दलदलीत गोळा होत, कारण तिथं वारा लागत नाही आणि बर्फ फांद्यांवरच अडतो. तिथले सीडर खालून साफ झाले होते. हरीण मागच्या पायांवर उभं राहून जिथवर पोचेल तिथवर एक हिरवं पान नव्हतं, आणि गुडघ्याएवढं नवं रोप शोधूनही सापडलं नसतं. ताउनो तिथून रोज जायचा. रोज बघायचा आणि त्याला काही दिसायचं नाही. बापाच्या डोळ्यांनी बघण्याची सवय लागली की असंच होतं.

मग तो हिवाळा आला. फेब्रुवारी सरत आला तरी बर्फ थांबेना. रस्त्यावरचा बर्फ सारायचं यंत्र रॉय चालवायचा, तोही म्हणायला लागला की बर्फ टाकायला आता जागा उरली नाही. दलदलीतली हरणं एकमेकांना खेटून उभी असायची. त्यांच्या वाटा बर्फात चरासारख्या खोल गेल्या होत्या, आणि वाटेबाहेर पाय टाकला की ती छातीपर्यंत रुतायची. ताउनो जाऊन बघून आला आणि त्या संध्याकाळी बारमध्ये बोलला.

“बघत बसायचं का नुसतं? इतकी वर्षं आपण त्यांचं खाल्लं. एक हिवाळा त्यांनी आपलं खाल्लं तर बिघडलं कुठं?”

ताउनो सहसा ‘हं’च्या पुढे जात नाही. तो एवढं सलग बोलला म्हणूनच लोक हलले. चर्चमधल्या बायकांनी पेस्ट्या करून विकल्या, कुणी ट्रक दिला, कुणी बर्फावर ओढायची स्लेज दिली, आणि ताउनोच्या कोठारात मक्याच्या गोण्यांची थप्पी छताला टेकली. रॉयने बर्फावर पळणारी स्नोमोबाईल आणली. खरं सांगायचं तर गाव इतकं एकदिलाने काही करतंय असं दृश्य बऱ्याच वर्षांत दिसलं नव्हतं.

गोण्या चढवत असताना व्हिव्हियन ओयाला आली. ती वन्यजीव खात्यात होती, पण परकी नव्हती. तिचा बाप शाळेची बस चालवायचा. ताउनोला ती अजून मिस्टर रिंताला म्हणे.

“मिस्टर रिंताला, हा मका दलदलीत नेऊ नका.”

“का गं? परवानगीचा कागद लागतो?”

“कागदाचं नाही. महिनोन्‌महिने ती काड्या आणि साली खाताहेत. त्यांचं पोट त्यालाच सरावलंय. एकदम मका पडला की तो आत आंबतो. एक-दोन दिवसांत हरीण आडवं होतं.”

“ऐका,” रॉय म्हणाला. “उपाशी मेलं तर चालेल, पण जेवून मरायला नको. खात्याला मेलेलीच बरी वाटतात, मोजताना हलत नाहीत.”

व्हिव्हियनने त्याच्याकडे बघितलंही नाही. “काही मरतीलच. म्हातारी, गेल्या उन्हाळ्यातली पाडसं. बाकीची तरतील. पण मका घातलात तर धडधाकट असतील तीच आधी मरतील, कारण ढिगावर तीच आधी पोचतात.”

ताउनोने गोणी खाली ठेवली. “तुला बसच्या पायरीवर उचलून चढवायचो मी, आठवतंय? एवढीशी होतीस. भुकेल्याला जेवू घालू नये हे तुला कुठल्या शाळेत शिकवलं?”

“मिस्टर रिंताला...”

“त्यांना भूक लागलीय, व्हिव्हियन. बाजूला हो.”

ती बाजूला झाली. मग आम्ही करायचं काय, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण चांगलं काम करायला निघालेल्या माणसाला थांबवणं मोठं कठीण, वाईट कामाला निघालेल्याला थांबवण्याहून कितीतरी.

पहिल्या दिवशी हरणं लांबूनच बघत राहिली. दोन-तीन दिवसांत ती अशी धीट झाली की स्नोमोबाईलचा आवाज कानावर पडला की झाडांमधून धावत यायची आणि स्लेज थांबायच्या आत तिला घेरायची. ताउनो गोणीचं तोंड सोडायचा आणि पिवळा मका बर्फावर ओतायचा. त्यांच्यात एक फाटक्या कानाची मादी होती. दर शरदात ती ताउनोच्या अंगणात गळलेली सफरचंदं खायला यायची, आणि तिची मान वर करून चालण्याची ऐट बघून ताउनोच्या बायकोने, आइलीने, तिचं नाव पाद्रीणबाई ठेवलं होतं. पाद्रीणबाई सगळ्यांच्या आधी ढिगापाशी. दुसऱ्या माद्यांना पुढच्या पायांनी हाणून ती स्वतः खायची. “चर्चच्या जेवणालाही अशीच वागते ती,” आइली म्हणाली. स्थानिक वर्तमानपत्रात ताउनोचा फोटो आला. मकेवाला ताउनो हे नाव तेव्हाच पडलं, आणि तेव्हा ते कौतुकाने पडलं.

त्याच आठवड्यात हरणं मरू लागली.

ढिगाच्या आसपास, वाटांवर, सीडरखाली ती पाय दुमडून पडलेली असायची. अंगावर दाताची खूण नाही. पोटं टम्म. रॉयने एकेका हरणाला बुटाने ढोसून बघितलं. “उशीर झाला आपल्याला. फार खंगली होती बिचारी. अजून मका पाहिजे, ताउनो.” आणि बारमध्ये जाऊन त्याने सांगितलं की लांडग्यांनी रात्रभर पळवून पळवून जीव घेतला. दोन्ही कारणं त्याने एकाच दिवशी दिली आणि लोकांनी दोन्ही मानली. ताउनोला पहिलं पटलं. त्याने दुप्पट मका ओतला.

मग एके सकाळी तो एकटाच गेला, तर ढिगापाशी व्हिव्हियन गुडघ्यांवर बसलेली. तिच्यापुढे पाद्रीणबाई पडली होती. फाटका कान वर होता. व्हिव्हियनने हातमोजे चढवले होते, सुरी काढली होती, पण तो आल्याचं बघून ती थांबली.

“तुमची हरकत नसेल तर,” ती म्हणाली.

“काप.”

तिने पोट उघडलं. आत मका होता. चावून अर्धवट झालेला, पिवळा, गच्च भरलेला. त्याचा वास आला तशी ताउनोने मान फिरवली. दारूबंदीच्या काळात बापाने तळघरात पिंप लावलेलं असायचं, आणि बंदी उठल्यावरही त्याने ती सवय सोडली नव्हती. त्या पिंपाचाच हा वास. सांगितलं होतं ना, असं व्हिव्हियन म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं, चिडायला जागा मिळाली असती.

ताउनोने कमरेची कुऱ्हाड काढली आणि मादीच्या मांडीची नळी फोडली. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. उपासमारीने मेलेल्या हरणाच्या नळीतला मगज लाल आणि थलथलीत होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हा मगज घट्ट होता आणि पांढरा होता. त्याने बोट लावून बघितलं. मग बोट पँटला पुसलं.

“ही जगली असती,” तो म्हणाला.

“हो.”

पोटात दोन पाडसं होती. व्हिव्हियन ती झाकायला गेली, पण त्याने बघितलं होतं. मग जे आधी विचारायचं ते त्याने तेव्हा विचारलं. “मग करायचं काय होतं आम्ही?”

“तुम्ही आयुष्यभर करत होता तेच. मॅपल पाडायचे. शेंडे खाऊन त्यांचं पोट बिघडत नाही. आणि शरदात माद्या कमी करायच्या. ही दलदल आता एवढ्या तोंडांना पुरत नाही, मिस्टर रिंताला. जी हिवाळ्यात मरणारच आहेत ती तुम्ही नोव्हेंबरात खाल्ली, तर उरलेल्यांना सीडर पुरेल. नव्या रोपालाही डोकं वर काढता येईल.”

“माद्या,” तो म्हणाला.

“माद्या.”

त्या दिवशी त्याने ओतलेला मका फावड्याने भरून परत आणला, जेवढा आणता आला तेवढा. घरी आइलीला सांगितलं. ती कॉफी गाळत होती. “मी पेस्ट्या विकल्या त्याच्यासाठी,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “पाद्रीणबाई पण?” त्याने मान हलवली. आइलीने भिंतीवर लावलेला वर्तमानपत्रातला फोटो काढला आणि स्टोव्हमध्ये घातला.

इथपर्यंत ताउनोचं काही चुकलं असेल तर ते अज्ञानाने. पुढचं मात्र भ्याडपणाने, आणि ते मी लपवणार नाही. त्याने कॅम्पच्या माणसांना काही सांगितलं नाही. वसंतात बर्फ वितळला तसा दलदलीतून वास येऊ लागला, कावळ्यांची सभा भरली, आणि सगळे म्हणाले, काय भयंकर हिवाळा. तो ‘हं’ म्हणाला. उन्हाळ्यात रॉयने मका ओतला त्या जागी उभी करायला एक पाटी रंगवली, तिच्यावर ताउनोचं नाव घातलं. तेव्हाही ताउनो ‘हं’ म्हणाला. लोकांनी प्रेमाने केलेल्या गोष्टीला खुनाचं नाव कसं द्यायचं? आणि त्या लोकांना आणलं कुणी? त्यानेच. प्रत्येक वेळी तो तोंड उघडायचा, मग पाठीवर थाप पडायची आणि तोंड मिटायचं.

शिकार सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे कॅम्पवर जमतात. आधी साउना, मग जेवण. साउनात अंगावर वाफ घेत बसलेली माणसं उघडी असतात, त्यामुळे थोडं खरं बोलता येतं असा आमचा अनुभव आहे. रॉय दगडांवर पाणी टाकत होता.

“यंदा मका डिसेंबरातच नेऊ,” तो म्हणाला. “मागच्या वेळी उशीर केला.”

“यंदा मका न्यायचा नाही,” ताउनो म्हणाला.

“का? पाठ धरली? मी ओततो, तू नुसता मशीनवर बस.”

“मक्यानेच मेली ती, रॉय. मी मादीचं पोट उघडलेलं पाहिलंय. मी नळी फोडून बघितली, मगज पांढरा होता. ती उपाशी मरत नव्हती. आपण मारली.”

दगडांवरचं पाणी आटल्याचा आवाज ऐकू आला.

“ती पोरगी बोलली तुझ्याशी,” रॉय म्हणाला.

“पोरीने सांगितलं म्हणून नव्हे. मी बघितलं.”

“आणि हे तू आता सांगतोस. नोव्हेंबरात.”

“हो. आता सांगतो.” ताउनोने टॉवेल तोंडावर ओढला आणि त्यातूनच राहिलेलं बोलला. “आणि मी यंदा मादीचा परवाना काढलाय. सगळ्यांनी काढावा असं माझं म्हणणं आहे. दलदलीत खायला उरलं नाही. कमी तोंडं हिवाळ्यात शिरली पाहिजेत.”

रॉय उभा राहिला. घामाने निथळणारा, लालबुंद, पोट सुटलेला माणूस, पण त्या क्षणी तो पाद्र्यासारखा दिसत होता. “तुझा बाप इथंच बसायचा. त्या कोपऱ्यात. त्याचा तरी विचार कर.”

“केला. म्हणूनच आठ महिने लागले.”

“आधी म्हणतोस आपण हरणं मारली. मग म्हणतोस माद्या मारा. तुझं डोकं तपासून घे, ताउनो. मागच्या हिवाळ्यात हिरो झाला होतास ते पचलं नाही का तुला?”

कुणीतरी हसलं. ताउनोला राग आला नाही, कारण वर्षभरापूर्वी तोही हसला असता.

सकाळी तो नेहमीच्या जागी जाऊन बसला. एक नर आला, चांगला रुंद शिंगांचा, आणि निघून गेला. मग तीन माद्या आल्या. त्याने बंदूक उचलली आणि परत मांडीवर ठेवली. पन्नासएक वर्षं शिकार केलेला माणूस. पुन्हा उचलली, मधल्या मादीवर धरली आणि घोडा दाबला. ती जागच्या जागी बसली, पाय दुमडून, मक्यापाशी मेलेली बसायची तशीच. मग त्याने सुरी काढली आणि नीट काम केलं, कारण मांस खराब करणं हे आमच्याकडे सगळ्यात मोठं पाप.

ओढत ओढत तो तिला कॅम्पपर्यंत घेऊन आला. अंगणात माणसं कॉफी पीत उभी होती, बल्लीवर दोन नर टांगलेले होते. नेहमी कुणी ओढत येताना दिसला की दोघेतिघे धावत जातात. त्या दिवशी कुणी हललं नाही. ताउनोने दोर बल्लीवरून टाकला, तेव्हा रॉयने येऊन तो शांतपणे काढला आणि गुंडाळून त्याच्या हातात दिला.

“इथं नाही.”

“रॉय, ही बल्ली मी आणि माझ्या बापाने बांधलीय.”

“म्हणूनच सांगतो, इथं नाही.”

एप्रन कुणी आणला नाही. थट्टा केली असती तर अजून आपल्यातला मानलं असं झालं असतं. त्याने मादी ट्रकमध्ये घातली आणि घरी नेली. आइलीने बाहेर येऊन बघितलं, बाह्या वर केल्या आणि कातडं सोलायला हात लावला. मधेच म्हणाली, “चरबी बरी आहे.” ती रडत होती, पण सुरी सरळ चालली होती. पुढे कॅम्पवर त्याची खाट कुणाला तरी दिली असं कळलं. शेजारच्या म्हाताऱ्या बायांना तो दरवर्षी मांस वाटायचा. त्यांनी यंदाही घेतलं, फक्त कशाचं ते विचारलं नाही.

आणि मग पुन्हा बर्फ.

जानेवारीपासून ताउनो रोज करवत घेऊन दलदलीच्या वरच्या टेकाडावर जाऊ लागला. जमिनीच्या मालकाची परवानगी काढली होती. मॅपल फार जाड नव्हते, पण सत्तरीच्या माणसाला ते जाडच. सकाळी एक, फार तर दोन पाडायचा आणि बुंध्यावर बसून वाट बघायचा. पहिले काही दिवस कुणी आलं नाही. ज्या पिढीला करवतीचा अर्थ कळत होता ती मरून गेली होती. संध्याकाळी घरी आला की बूट काढत असताना आइली विचारायची, “आली का?” तो म्हणायचा, “नाही.” पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. जेवणात बटाटा आणि मांस, आणि तेच.

मग एक आली. तरणी मादी, कान ताठ, एक पाय वर धरून कितीतरी वेळ उभी राहिली. तिने शेंड्याचं टोक कुरतडलं. दुसऱ्या दिवशी आणखी होत्या. थोड्याच दिवसांत त्याने करवत चालू केली की खालच्या सीडरमधून एकामागून एक सात-आठ हरणं वर चढू लागली. आइलीने विचारलं, “आली का?” आणि त्याने “आली” म्हटलं, तेव्हा तिने त्या दिवशी पॅनकेक केलं, सणासारखं. हे कळप म्हणण्याजोगं काही नव्हतं. पण एवढी जगली तर वसंतात पाडसं होतील, हे त्याला पुरेसं होतं. दुसरं काही मागण्याचा आपला हक्क उरला नाही असं तो म्हणे.

फेब्रुवारीच्या अखेरीस थंडी फार वाढली. त्या दिवशी त्याने चांगला मोठा मॅपल पाडला होता. हरणं आली, शेंड्यांवर वाकली. तो बुंध्यावर बसून पेस्टी सोडत होता, तेवढ्यात सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. कान दलदलीकडे वळले. त्यालाही मग ऐकू आलं. स्नोमोबाईल.

पहिली तरणी मादी निघाली. तोंडातली काडी तिने तशीच टाकली. मग बाकीची, एकामागून एक, मागच्या वर्षीच्या त्याच वाटेने, आणि शेवटची तर धावत. ताउनो ओरडला. करवत चालू केली आणि हवेत धरून नुसतीच घरघरवत राहिला. एकानेही मागे वळून बघितलं नाही. स्नोमोबाईलचा आवाज म्हणजे पिवळा मका, हे त्यांना त्यानेच शिकवलं होतं, आणि त्यांनी ते विसरायचं ठरवलं नव्हतं.

बर्फावरचे बूट चढवून, करवत घेऊनच तो खाली उतरला तेव्हा रॉय एकटाच होता. त्याने दोन गोण्या ओतल्या होत्या, तिसरीचं तोंड सोडत होता. रॉयचे गाल गारठ्याने पांढरे पडले होते. म्हातारा माणूस इतक्या थंडीत हरणांसाठी आला होता, आणि त्याच्यावर खरं म्हणजे चिडताही येत नव्हतं. हरणं झाडांत थांबून वाट बघत होती.

“घरी जा, रॉय.”

“बघितलंस त्यांना? कातडीतून हाडं दिसताहेत.”

“माझ्या शेंड्यांवर होती ती आत्ता. खात होती.”

“काड्या,” रॉय म्हणाला. “काड्या खात होती.”

ताउनो ढिगावर जाऊन बसला. दुसरं काही सुचलं नाही. रॉय त्याच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, कीवच होती.

“त्यांना भूक लागलीय, ताउनो. बाजूला हो.”

या वाक्याला उत्तर असतं तर ते ताउनोला मागच्या वर्षी व्हिव्हियननेच दिलं असतं. तो हलला नाही. शेवटी रॉयने रिकाम्या गोण्या गोळा केल्या, तिसरी तिथंच ओतली आणि निघून गेला. ताउनोने गोणीअभावी कोटाचे खिसे भरले, टोपी भरली, टोपी लांब नेऊन ओढ्याच्या उघड्या पाण्यात ओतली, परत आला. फावडं नव्हतं. मका बर्फात मिसळला होता, बोटांना लागेनासा झाला. हरणं तशीच उभी. तो वाकला की एखादं दोन पावलं पुढे येई, तो उभा राहिला की थांबे. त्याने हाताने बर्फ उकरून ढिगावर टाकला, बुटांनी दाबला. त्यांना तो उकरायला किती वेळ लागेल हे त्याला माहीत होतं.

उजेड कमी झाला. पायाची बोटं कळेनाशी झाली. अजून थांबला तर आइलीला माणसं घेऊन शोधायला यावं लागलं असतं, आणि आली असती ती रॉयचीच माणसं. तो उठला, करवत खांद्यावर घेतली आणि टेकाडाकडे निघाला. मागे बर्फ दबल्याचा आवाज झाला. मग अनेक पायांचा. त्याने वळून बघितलं नाही.

घरी पोचला तेव्हा स्टोव्ह पेटलेला होता. तो खुर्चीत बसला आणि बुटाच्या नाडीशी झटू लागला. बोटं चालेनात म्हणून आइली खाली बसून नाड्या सोडू लागली. त्याच्या खिशातून मक्याचे दाणे जमिनीवर सांडले. तिने ते बघितले, त्याच्याकडे बघितलं, आणि तरीही रोजचं होतं म्हणून विचारलं.

“आली का?”

“आली,” तो म्हणाला.